कॅलिफोर्नियात डॉक्टरकीचा परवाना पहिल्यांदा रिन्यू करताना

प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रात एमबीबीएस, मग कॅलिफोर्नियात इंटर्नल मेडिसिनची (प्रौढांच्या आजारांच्या शाखेची) रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. दुसरं वर्ष संपल्यावर कॅलिफोर्नियाचा पूर्ण परवाना मिळाला, आता एका क्लिनिकमध्ये नोकरी. परवान्याची मुदत चार महिन्यांत संपते. ५० तासांचं सीएमई (डॉक्टरांनी सतत घ्यायचं पुढचं शिक्षण) लागतं असं कळलं आहे. ते कुठून आणायचं, आणखी काय लागतं, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवायची का?

आधी दिलासा. ५० तासांची चिंता बहुधा तुम्हाला करावीच लागणार नाही. ज्या गोष्टींवर परवाना अडतो त्या वेगळ्याच आहेत आणि त्यांतली पहिली तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही: ३६ महिन्यांचं प्रशिक्षण.

भारतातून, म्हणजे अमेरिका-कॅनडाबाहेरच्या कॉलेजातून शिकून आलेल्यांना कॅलिफोर्निया २४ महिन्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणानंतर परवाना देतं. तिथल्या पदवीधरांना १२ महिने पुरतात. मात्र हा परवाना एका अटीवर दिलेला असतो. पहिल्या रिन्यूअलपर्यंत एकूण ३६ महिने पूर्ण झालेले हवेत आणि त्यांतले २४ महिने एकाच प्रोग्राममध्ये, सलग. तुम्ही रेसिडेन्सी पूर्ण केली आहे म्हणजे अट पुरी झाली, पण ती बोर्डाच्या, म्हणजे परवाना देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या मेडिकल बोर्डाच्या, दप्तरात पुरी झाली आहे का हे बघायला हवं. पूर्ण केल्याचा दाखला प्रोग्रामकडूनच बोर्डाकडे जावा लागतो. तुमच्याकडचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवणं हा त्याला पर्याय नाही. प्रोग्राममधली माणसं बदलतात, जून-जुलैत नव्या बॅचच्या कामात ऑफिस बुडालेलं असतं, आणि तुमचा दाखला राहून जातो. चार महिने हातात आहेत, तर दाखला पाठवण्याची विनंती करणारं पत्र प्रोग्रामला आजच पाठवा. बाळंतपणाची किंवा आजारपणाची रजा घेतली असेल तर महिने मोजून बघा. तीन कॅलेंडर वर्षं झाली म्हणजे ३६ महिने झालेच असं नाही. प्रोग्रामने किती महिन्यांचं श्रेय दिलं, तो आकडा खरा. महिने कमी पडत असतील तर मुदत संपायच्या आत बोर्डाशी लेखी संपर्क करा. मुदत संपल्यावर समजावत बसण्यात फार वेळ जातो.

दुसरी गोष्ट तारखेची. परवान्याची मुदत दोन वर्षांची असते. जुन्या परवान्यांची मुदत जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते, म्हणून सीनियर सहकारी सांगतात, ‘वाढदिवसाच्या महिन्यात भरायचं.’ त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. तुम्ही मात्र राज्याच्या ‘ब्रीझ’ या ऑनलाइन यंत्रणेत तुमच्या नावापुढे जी तारीख दिसते तीच धरा. तोंडी माहितीवर तारीख ठरवू नका.

आता ते ५० तास. नियम असा: मुदत संपण्याच्या लगेच आधीच्या दोन वर्षांत किमान ५० तासांचं मान्य सीएमई. मान्य म्हणजे मुख्यतः अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीचं ‘एएमए पीआरए कॅटेगरी १’ क्रेडिट, किंवा फॅमिली फिजिशियनांच्या अकॅडमीचं प्रिस्क्राइब्ड क्रेडिट. कॅटेगरी २ (डॉक्टरने स्वतःच नोंदवलेले तास) चालत नाही. हॉस्पिटलातल्या दुपारच्या व्याख्यानाला नुसती हजेरी लावल्याचा कागदही चालत नाही. सर्टिफिकेटवर क्रेडिटचा प्रकार आणि तास स्पष्ट लिहिलेले हवेत. जास्तीचे तास पुढच्या दोन वर्षांत ओढता येत नाहीत.

पण तुमच्यासारख्यांना दोन सवलती आहेत आणि त्या माहीत नसल्यामुळे कितीतरी तरुण डॉक्टर शेवटच्या आठवड्यात भरमसाट पैसे देऊन ऑनलाइन कोर्स विकत घेतात. एक: मान्यताप्राप्त रेसिडेन्सी किंवा फेलोशिपच्या प्रत्येक महिन्याला ६ तास सीएमई धरलं जातं. परवाना मिळाल्यानंतर तुमचं रेसिडेन्सीचं तिसरं वर्ष झालं, म्हणजे १२ गुणिले ६, ७२ तास. ५० कधीच ओलांडले. दोन: मान्य स्पेशालिटी बोर्डाची सर्टिफिकेशन किंवा रिसर्टिफिकेशन परीक्षा पास झाल्यास सलग चार वर्षांचं, म्हणजे १०० तासांचं श्रेय मिळतं. ते मागच्या मुदतीला लावता येतं, तसंच पुढच्याही. तुम्ही एबीआयएमची (इंटर्नल मेडिसिनच्या अमेरिकन स्पेशालिटी बोर्डाची) परीक्षा पास झाला असाल तर हे श्रेय या खेपेला खर्च करू नका. ही मुदत रेसिडेन्सीवर भागते आहे, परीक्षेचं श्रेय पुढे लावा. शिकवण्याचेही तास मिळतात, पण मान्य कार्यक्रमात शिकवलं असेल तर, आणि एकूण गरजेच्या एकतृतीयांशपर्यंतच.

आजारपण, लष्करी सेवा किंवा तशाच मोठ्या अडचणीमुळे तास झालेच नाहीत तर बोर्डाकडे माफीचा अर्ज करता येतो. तो कारणं देऊन, कागदांसह करायचा असतो, आणि ‘वेळ मिळाला नाही’ हे कारण धरलं जात नाही.

इथपर्यंत तासांची एकूण बेरीज झाली. आता विशिष्ट विषयांचे तास, आणि इंटर्निस्टने (इंटर्नल मेडिसिनच्या डॉक्टरने) इथे नीट लक्ष द्यायला हवं.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक कलम आहे: जनरल इंटर्निस्ट आणि फॅमिली फिजिशियन यांच्या रुग्णांपैकी २५ टक्क्यांहून जास्त रुग्ण ६५ वर्षं किंवा त्याहून मोठे असतील, तर सक्तीच्या सीएमईतला किमान २० टक्के भाग वृद्धांच्या आजारांवरचा असावा. ५० चे २० टक्के म्हणजे १० तास. इंटर्नल मेडिसिनच्या क्लिनिकमध्ये मेडिकेअरचे (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीच्या सरकारी विम्याचे) रुग्ण किती असतात ते तुम्ही रोज बघता. बहुतेकांना हे कलम लागू होतं. तरी ते लक्षात राहत नाही, कारण ते ‘सर्वांसाठी’ नाही, आणि तुम्ही त्यात बसता की नाही हे तुम्हीच ठरवायचं असतं. क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमधून वयोगटाप्रमाणे रुग्णसंख्येचा एक अहवाल काढून ठेवा. २५ टक्क्यांच्या वर असाल तर डिमेन्शिया, तोल जाऊन पडणं, एकाच वेळी अनेक औषधं, अशा विषयांवरचे १० तास सर्टिफिकेटसकट करा. रेसिडेन्सीच्या ७२ तासांत हे येऊन गेलं असा युक्तिवाद करता येईल, पण ऑडिटमध्ये (बोर्डाच्या कागद-तपासणीत) युक्तिवाद करत बसण्यापेक्षा दहा तासांचे कागद दाखवणं सोपं. आणि विषयही असा की तुमच्या रोजच्या रुग्णाला त्याचा थेट उपयोग आहे.

दुसरा विषय वेदनाशमन. पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिऑलॉजिस्ट सोडून डॉक्टरांना आयुष्यात एकदा १२ तास हे शिक्षण घ्यावं लागतं: वेदनेचं व्यवस्थापन आणि मरणासन्न रुग्णांची काळजी. याला पर्यायही आहे: ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या) व्यसनात अडकलेल्यांच्या उपचारांवरचे १२ तास. मुदत म्हणजे दुसरं रिन्यूअल किंवा परवाना मिळाल्यापासून चार वर्षं, यांतलं जे आधी येईल ते. म्हणजे या खेपेला सक्ती नाही. तरीही आत्ताच करा असं मी सांगेन. हे १२ तास पन्नासात धरले जातात, आणि चार वर्षांनी नोकरी, गाव, कदाचित आडनावही बदललेलं असताना हे आठवत नाही. इथे नेहमीची चूक एकच: नुसत्या ‘ओपिऑइड सुरक्षितपणे कसं लिहावं’ या विषयाचे कोर्स गोळा करून १२ तास भरले जातात, त्यात मरणासन्न रुग्णांच्या काळजीचा भागच नसतो. कोर्स दोन-तीन मिळून झाले तरी हरकत नाही, पण दोन्ही विषय त्यात दिसले पाहिजेत. कोर्सची विषयपत्रिका सर्टिफिकेटला जोडून ठेवा.

सुप्त पूर्वग्रह किंवा रुग्णाची भाषा-संस्कृती यांचा सीएमईत समावेश करण्याची जबाबदारी कोर्स घेणाऱ्या संस्थांची आहे. त्यासाठी तुम्हाला वेगळे तास मोजायला नकोत.

तिसरा विषय राज्याचा नाही, केंद्राचा आहे, आणि याच जागी सर्वांत जास्त गोंधळ होतो. नियंत्रित औषधं, म्हणजे व्यसन लागू शकणारी औषधं, लिहिण्यासाठी डीईएची (अमेरिकी केंद्र सरकारच्या औषध-नियंत्रण खात्याची) नोंदणी लागते. तिची मुदत तीन वर्षांची, शुल्क ८८८ डॉलर. राज्याचा परवाना दोन वर्षांचा, ही तीन वर्षांची, त्यामुळे दोन्ही तारखा एकत्र येतीलच असं नाही. एक रिन्यू केली म्हणजे दुसरी झाली असंही नाही. २७ जून २०२३ पासून डीईएची नवी नोंदणी किंवा रिन्यूअल करताना, व्यसनाधीनतेच्या आजारांवरचं ८ तासांचं प्रशिक्षण झाल्याचं एकदा जाहीर करावं लागतं. गेल्या पाच वर्षांतल्या पदवीधरांना यातून सूट आहे असं तुम्ही ऐकलं असेल. ती सूट अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या पदवीधरांसाठी आहे, महाराष्ट्रातली एमबीबीएस त्यात बसत नाही. तुम्हाला ८ तास दाखवावे लागतील. ते एका बैठकीत व्हायला हवेत असं नाही, आणि आधी झालेलं योग्य प्रशिक्षणही धरलं जातं. वेदनाशमनाचा कोर्स निवडताना व्यसनोपचारावर भर असलेला निवडलात तर त्याच तासांतून दोन्ही कामं होतात. डीईएची तारीख उलटली तर एक कॅलेंडर महिना जुनीच नोंदणी रिन्यू करता येते, नंतर नव्याने अर्ज. पण त्या महिन्यात नियंत्रित औषध लिहायला परवानगी नसते.

कॅलिफोर्नियाच्या परवान्याबाबतही ‘ग्रेस पिरियड’ या शब्दाने असाच घात होतो. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पैसे भरले तर विलंब शुल्क लागत नाही, म्हणून लोक समजतात की महिनाभर सवलत आहे. सवलत आहे ती फक्त पैशांची. मुदत संपलेल्या परवान्यावर एक दिवसही रुग्ण तपासता येत नाही. त्या दिवसांचं मेडिकेअरचं बिल अंगलट येतं, मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकांच्या दाव्यांचा) विमा देणारी कंपनी हात वर करू शकते आणि हॉस्पिटलचं क्रेडेन्शिअलिंग ऑफिस (डॉक्टरांचे परवाने तपासणारं) तुमचं नाव ड्युटीच्या यादीतून काढतं.

पैशांचा हिशेब असा. १ जानेवारी २०२४ पासून दोन वर्षांच्या रिन्यूअलचं मूळ शुल्क १,१५१ डॉलर आहे. त्यावर, डॉक्टरांची शैक्षणिक कर्जं फेडण्यास मदत करणाऱ्या राज्याच्या योजनेसाठी २५ डॉलर सक्तीचे, आणि ‘क्युअर्स’ या नियंत्रित औषधांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेचं छोटं शुल्क. ३० दिवस उलटले की मूळ शुल्काच्या १० टक्के विलंब शुल्क, म्हणजे सुमारे ११५ डॉलर. ९० दिवस उलटले की ५० टक्के दंड, म्हणजे पावणेसहाशेच्या घरात. पाच वर्षं रिन्यू केलाच नाही तर परवाना रद्द होतो आणि तो पुन्हा जिवंत करता येत नाही; नव्याने अर्ज करावा लागतो. भारतात परतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. परत यायची शक्यता असेल तर परवाना ‘इनॅक्टिव्ह’ करून ठेवता येतो. त्यात सीएमई लागत नाही, पण शुल्क पूर्ण लागतं आणि प्रॅक्टिस करता येत नाही. पुन्हा सुरू करताना सीएमई पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं.

प्रत्यक्ष अर्ज ब्रीझवर होतो आणि कागद हाताशी असतील तर अर्ध्या तासात संपतो. सीएमईची सर्टिफिकेटं तिथे जोडायची नसतात. तास पूर्ण झाले असं तुम्ही जाहीर करता. पुढचे प्रश्न घाईत ‘नाही’ म्हणून सोडू नका. मागच्या रिन्यूअलनंतर कुठला गुन्हा सिद्ध झाला का, दुसऱ्या राज्याने किंवा संस्थेने कारवाई केली का, असे ते असतात. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला, तडजोडीने सौम्य केलेला असला तरी, यात येतो. तो तर रिन्यूअलची वाट न बघता ३० दिवसांत बोर्डाला कळवायचा असतो. बोटांच्या ठशांमुळे ही माहिती बोर्डापर्यंत पोचतेच. मूळ घटनेपेक्षा ती लपवणं जास्त महागात पडतं. त्याच अर्जात तुमच्या कामाचं स्वरूप, ठिकाण, प्रशिक्षणाची वर्षं यांची माहिती आणि आरोग्यसंस्थांमधले आर्थिक हितसंबंधही विचारले जातात. पोटगीची थकबाकी असेल तर पूर्ण परवान्याऐवजी १५० दिवसांचा तात्पुरता मिळतो.

पत्ता तपासा. बोर्डाकडे नोंदलेला पत्ता कुणालाही ऑनलाइन दिसतो आणि नवीन डॉक्टर बहुतेकदा घरचाच देऊन बसतात. पोस्ट बॉक्स सार्वजनिक ठेवून राहता पत्ता गोपनीय देता येतो. पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत कळवणं सक्तीचं आहे. नोटिसा जुन्या घरी जात राहिल्या ही सबब चालत नाही. नावाचंही तसंच. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टवर एक क्रम, पदवीवर दुसरा. सीएमई सर्टिफिकेटांवर, परवान्यावर, डीईएवर आणि एनपीआयवर (डॉक्टरांच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकावर) नाव एकाच पद्धतीने असू द्या. आडनाव बदलायचं असेल तर आधी परवान्यावर, मग बाकी ठिकाणी.

ऑडिट यादृच्छिक पद्धतीने होतं. निवड झाली तर सर्टिफिकेटं मागतात. तास कमी निघाले तर ते पुढच्या दोन वर्षांत, त्या काळाच्या ५० तासांव्यतिरिक्त, भरून काढायचे. तेही जमलं नाही तर पुराव्याशिवाय परवाना रिन्यू होत नाही. मात्र ‘पूर्ण केले’ असं खोटं लिहिलं असेल तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं आणि ती नोंद पुढे प्रत्येक राज्याच्या अर्जात सांगावी लागते. म्हणजे तास कमी पडण्याचं प्रकरण निस्तरता येतं, खोटं लिहिण्याचं निस्तरता येत नाही. सर्व सर्टिफिकेटं किमान सहा वर्षं ठेवा, आणि १२ तासांचं व ८ तासांचं कायमचं. प्रत्येक मुदतीचं एक वेगळं फोल्डर करा, त्यात रेसिडेन्सी पूर्ण केल्याचं पत्र आणि एबीआयएमचा निकालही ठेवा. याच कागदांवर तुमचे तास उभे आहेत.

हे सगळं एमडी (अमेरिकेतली मूळ वैद्यकीय पदवी) आणि एमबीबीएससारखी त्यासमान पदवी असलेल्यांसाठी. ऑस्टिओपॅथिक (डीओ पदवीच्या) डॉक्टरांचं बोर्ड वेगळं आहे. आणि राज्य बदललं की आकडेही बदलतात: टेक्सासला २४ महिन्यांत ४८ क्रेडिट, फ्लोरिडाला दोन वर्षांत ४० तास, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीला दोन वर्षांत १००, मिशिगन आणि इलिनॉयला तीन वर्षांत १५०. प्रत्येकाचे सक्तीचे विषयही निरनिराळे: फ्लोरिडात वैद्यकीय चुका टाळण्यावर, टेक्सासात मानवी तस्करीवर. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राची यादी तुमच्या कामाची नाही. टेलिमेडिसिनमध्ये रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तिथला परवाना धरला जातो. डॉक्टरांना दुसऱ्या राज्याचा परवाना लवकर मिळावा म्हणून अनेक राज्यांनी केलेल्या करारात कॅलिफोर्निया नाही.

राहिली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी. ती दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते. भारतात २००२ च्या आचारसंहितेनुसार पाच वर्षांत ३० तासांचं सीएमई अपेक्षित आहे, आणि कौन्सिल तेवढी क्रेडिट बघते. माझ्या मते ती चालू ठेवावी, दोन कारणांनी. पुढे दुसऱ्या राज्यात अर्ज केला तर बरीच बोर्डं आजवरच्या प्रत्येक नोंदणीबद्दल विचारतात आणि ‘गुड स्टँडिंग’चं (नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं) पत्र मूळ कौन्सिलकडून मागतात; नोंदणी लोंबकळत असेल तर त्या पत्राला उशीर होतो. दुसरं कारण घरचं आहे. सातारा-सांगलीतल्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर औषध सांगण्याची वेळ प्रत्येकावर येते. भारतातल्या २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे तो अधिकार भारतात नोंदणी असलेल्या डॉक्टरचा आहे. कॅलिफोर्नियाचा परवाना तिथे चालत नाही, आणि नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एक लक्षात घ्या: महाराष्ट्रातल्या सीएमईची क्रेडिट कॅलिफोर्नियात आपोआप धरली जात नाहीत. सुट्टीत मुंबई-पुण्यात परिषद केलीत तर ती कौन्सिलच्या खात्यात टाका. कॅलिफोर्नियासाठी तिच्या सर्टिफिकेटवर एएमए कॅटेगरी १ लिहिलेलं असेल तरच.

तुमचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात प्रोग्रामला ३६ महिन्यांच्या दाखल्याचं पत्र, आणि ब्रीझवर तारीख व पत्ता तपासणं. पुढच्या दोन महिन्यांत वृद्धांच्या आजारांचे १० तास आणि वेदनाशमन-व्यसनोपचाराचे १२. दाखला बोर्डाकडे पोचल्याची खात्री झाली की लगेच शुल्क भरा, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. पैसे भरल्याची पावती म्हणजे रिन्यू झालेला परवाना नव्हे. काही दिवसांनी ब्रीझवर नवीन तारीख दिसते का ते बघा, त्या पानाची प्रत क्लिनिकच्या क्रेडेन्शिअलिंग ऑफिसला आणि विमा कंपनीला पाठवा, आणि त्याच दिवशी डीईएच्या तारखेची नोंद कॅलेंडरमध्ये करा.